तीनशे सत्तेचाळीस नंबरचं गीत

मी नंबरांची पाटी बोलतेय. बोलतेय म्हणजे आपलं म्हणायचं. माझ्या अंगावर आजवर आकड्यांशिवाय काही चढलेलं नाही. आमच्या चर्चमध्ये शिरलात की डाव्या भिंतीवर, पेटीच्या वर, तीन आडव्या खाचांची एक काळपट लाकडी चौकट दिसते ना, तीच मी. पहिल्या खाचेत उपासनेतल्या पहिल्या गीताचा नंबर, दुसरीत दुसऱ्याचा, तिसरीत तिसऱ्याचा. लोक येतात, बाकावर टेकतात आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बघतात. देवाकडे मागाहून. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

इतकी वर्षं समोरून बघतेय, त्यामुळे माणसांचे चेहरे मला पाठ झालेत. एकशे सहा नंबर लागला की बायका एकमेकींकडे बघतात. "अगंबाई, नऊ कडव्यांचं! आज जेवायला तीन वाजणार." मुलं माझ्या आकड्यांची बेरीज करत बसतात. एक आजोबा तर नंबर बघून पुस्तक उघडतात, पानात बोट घालतात आणि गाढ झोपतात. पेटी वाजली की बरोबर त्याच पानावर जागे होतात. कसं जमतं कोण जाणे.

माझ्या जन्माची गोष्ट सांगते. या चर्चचे पहिले पाळकसाहेब तोतरे होते. गाताना नाही हं. गाताना आवाज असा सुटायचा की ऐकत राहावं. प्रवचन लिहून आणून सावकाश वाचायचे, तेही निभायचं. पण गीताचा नंबर सांगायची वेळ आली आणि नंबर 'त'चा निघाला, की गाडी अडलीच. म्हणून तेरा, तेवीस, तीस आणि तीनशेच्या घरातली सगळी गीतं मंडळीने कित्येक महिने गायलीच नव्हती. कुणी काही विचारलं नाही. मंडळीत एक सुतार होता, त्याच्या मात्र ते ध्यानात आलं. त्याने एका जुन्या कपाटाचं दार कापलं, खाचा पाडल्या, आकड्यांच्या पट्ट्या रंगवल्या आणि शनिवारी येऊन मला भिंतीवर ठोकलं. वर आपल्याच हाताने नंबर लावले: तेवीस, तीस, तीनशे तीन.

रविवारी पाळकसाहेब आत आले, मला पाहिलं आणि तिथल्या तिथे रडायला लागले.

"काय झालं साहेब?" सुतार घाबरला. "वाकडी लागली का?"

तेव्हापासून आमच्याकडे नंबर तोंडाने सांगायचा नाही, अशी रीतच पडली. पाळकसाहेब बदलत गेले, रीत तीच राहिली. दुसऱ्या गीताची वेळ आली की पाळकसाहेब नुसते उभे राहतात, मंडळी माझ्याकडे बघते आणि पेटी सुरू होते.

आता ज्यांच्यासाठी मी तोंड उघडलंय, त्यांच्याकडे येते. सगळे त्यांना स्पीकरकाकू म्हणायचे. बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी होती त्यांची. "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी..." हा आवाज गावात ऐकला नाही असं माणूस नव्हतं. आणि रविवारी तोच आवाज आमच्याकडे गायचा. अठ्ठ्याऐंशी नंबरचं गीत त्यांचंच. येशू कबरेतून उठला त्या पहाटेचं ते गीत आहे. प्रत्येक कडव्यात मध्येच सगळे थांबतात आणि एकटा आवाज एक ओळ गाऊन बातमी देतो, की कबर रिकामी आहे. ती ओळ काकूंची. घोषणाच ती, दुसरं काय! अंगावर काटा यायचा. मी लाकूड, पण मलाही.

त्यांच्या यजमानांना सगळे टिकटिककाका म्हणतात. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं. स्वभावाने गरीब, आणि गळा म्हणाल तर देवाने जरा घाईत बसवलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी काकूंनी त्यांना कोपर मारून सांगितलं होतं, "अहो, तुम्ही नुसते ओठ हलवा." तीस वर्षं बिचारे नुसते ओठ हलवत होते.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं. आता श्वास तिथूनच घ्यायचा, खोकला आला तरी तिथूनच. त्यावर त्या एक पातळ रुमाल बांधायच्या. आवाज गेला तो गेलाच. कुजबुजही नाही, हुंदकाही नाही. बस स्थानकावर दुसरी मुलगी आली. स्पीकरकाकू म्हणायची कुणाची हिंमत होईना, सगळे नुसतं काकू म्हणायला लागले.

आताचे पाळकसाहेब भेटायला गेले, पुन्हा गेले. धीर धरा, देवाची काहीतरी योजना असते, वगैरे बोलले. मनापासूनच बोलले. पण काकूंनी लिहायच्या छोट्या पाटीवर खडूने लिहून दाखवलं, "मग ती योजना तुमच्या गळ्यात का नाही?" पाळकसाहेब चहा अर्धा टाकून घरी आले.

तरी माणूस चिवट. महिनाभराने त्यांनी काकूंना चर्चमध्ये बोलावलं. "काकू, नंबर लावणाऱ्या आजोबांना आता स्टुलावर चढवत नाही. दर शनिवारी दुपारी तुम्ही येऊन लावाल का? मी चिठ्ठी देईन, त्याप्रमाणे पट्ट्या सरकवायच्या."

काकूंनी लिहिलं, "मुक्या माणसाला शोभेसं काम."

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "ही पाटी अशाच एका माणसासाठी केली होती."

काकू आल्या. तोंड वाकडं करून, पण आल्या. आणि तेव्हापासून दर शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये आम्ही दोघीच. पट्ट्यांचा खोका पहिल्या बाकावर ठेवायचा, स्टुलावर चढायचं, जुने आकडे काढून नवे लावायचे. एवढं झालं की त्या खाली बसायच्या, आपली छोटी पाटी काढायच्या, काहीतरी लिहायच्या आणि समोरच्या वेदीकडे तोंड करून दोन्ही हातांनी उंच धरायच्या. प्रार्थना होती ती. हळूच डोकावून मी वाचायचे. दुसऱ्याची प्रार्थना वाचू नये, कळतं मला. पण भिंतीवरून तोंड कुठे फिरवू?

पहिल्या शनिवारी लिहिलं होतं, "तुला माझाच गळा सापडला?" मग रुमालाने पुसलं. दुसऱ्या शनिवारी, "ऐकतोयस का?" तिसऱ्या शनिवारी काहीच नाही, कोरी पाटी तेवढी वर धरली.

दवाखान्यात अशा माणसांना बोलायला शिकवायचा एक वर्ग होता. स्वरयंत्राशिवायही बोलता येतं म्हणे. हवा गिळायची आणि ढेकर दिल्यासारखी परत काढत तिच्यावर शब्द बसवायचे. टिकटिककाका त्या वर्गाचा कागद घेऊन एकदा चर्चमध्येच आले.

"अगं, एकदा जाऊन तर बघ. शिकवणारे पूर्वी ट्रक चालवायचे, त्यांचंही स्वरयंत्र काढलंय. छान बोलतात. भाव करतात भाजीवाल्याशी!"

काकूंनी खडू मोडेल इतक्या जोराने लिहिलं, "चारचौघांत ढेकरा देऊ? मी? त्यापेक्षा मुकी बरी." कागदाचे चार तुकडे करून त्यांच्या हातात दिले. काकांनी ते नीट घडी करून खिशात ठेवले. घड्याळवाले कुठलाही तुकडा टाकून देत नाहीत.

असे सहा महिने गेले. काकू येत होत्या, नंबर लावत होत्या, रविवारी पहिल्या बाकावर माझ्या खालीच बसत होत्या. सगळे गायला उभे राहिले की त्याही राहायच्या आणि ओठ घट्ट मिटून समोर बघायच्या. दर रविवारी त्या थोड्या थोड्या लांब चालल्यात, हे मला दिसत होतं. पाळकसाहेबांनाही दिसत असावं. अशीच माणसं एका रविवारी येत नाहीत आणि मग कधीच येत नाहीत. पाहिलीत मी.

मग तो शनिवार आला. पाळकसाहेबांच्या चिठ्ठीत होतं: बारा, अठ्ठ्याऐंशी, दोनशे पाच.

आवाज गेल्यापासून अठ्ठ्याऐंशी पहिल्यांदाच लागणार होतं. त्या एकट्या ओळीसाठी पेटीमास्तरांच्या सुनेला सांगितलं होतं. गुणी मुलगी, गळाही गोड. तिचा सराव चालू असताना काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे त्या मुलीला माहीत नव्हतं. सगळे गेल्यावर काकू आत आल्या. पहिल्या खाचेत बारा लावला. दुसऱ्या खाचेसाठी आठाच्या दोन पट्ट्या हातात घेतल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग खाली उतरून पाटीवर लिहिलं आणि वेदीकडे धरलं: "उद्या सगळ्यांनी गप्प बसावं. एकदा तरी."

परत स्टुलावर चढल्या आणि माझ्या दुसऱ्या खाचेत लावलं तीनशे सत्तेचाळीस.

आमच्या पुस्तकात गीतं तीनशे दहा! मला ओरडावंसं वाटलं, अहो काकू, हे काय करताय! पण मी ओरडणार कशाने? त्यांनी तिसऱ्या खाचेत दोनशे पाच लावला, स्टूल जागेवर ठेवलं आणि गेल्या.

रविवारी पहिलं गीत झालं. वाचन झालं, प्रार्थना झाली. दुसऱ्या गीताला सगळे उभे राहिले आणि पानांची सळसळ सुरू झाली. सळसळ पुस्तकाच्या शेवटापर्यंत गेली, थांबली, मग उलटी परत आली.

"माझ्या पुस्तकातली पानं गळालीत वाटतं," मागून एक आत्याबाई पुटपुटल्या.

"माझ्याही," शेजारीण म्हणाली.

पेटीमास्तर पेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून पाळकसाहेबांकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी मान ताठ ठेवली होती. पाळकसाहेबांना 'अठ्ठ्याऐंशी' एवढंच म्हणायचं होतं, संपलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. पुस्तक बंद केलं, पेटीमास्तरांकडे बघून मान हलवली आणि हात जोडून उभे राहिले.

चर्च गप्प झालं. इतकी माणसं आणि आवाज नाही. आणि त्या शांततेत सगळ्यांना एक गोष्ट ऐकू आली, जी सहा महिने गाण्याखाली झाकली जात होती. काकूंचा श्वास. गळ्याच्या भोकातून, रुमालाआडून, शिट्टीसारखा आत-बाहेर होणारा.

काकूंच्या हे लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांना गप्प केलं की आपण उघड्या पडू, हे त्यांनी धरलंच नव्हतं. चेहरा लालबुंद झाला. हात गळ्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला, कारण तिथे दाबलं तर श्वासच कोंडतो. त्यांनी पिशवी उचलली आणि दाराकडे वळल्या. मी त्यांचा चेहरा बघत होते. ही बाई आता या दारातून गेली की परत येत नाही, एवढं मला कळलं. देवा, थांबव रे हिला, मी म्हटलं. आयुष्यातली माझी पहिली प्रार्थना.

ठक. ठक. ठक-ठक, ठक.

टिकटिककाका होते ते. समोरच्या बाकाच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी वाजवत होते. मान खाली, डोळे मिटलेले. गळा बेसूर असेल, पण घड्याळवाल्याचा ठेका! केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पहिली ओळ वाजवून झाली, दुसरी सुरू झाली, आणि पेटीमास्तरांची मान वर आली. अहो, हे तर अठ्ठ्याऐंशी!

मग आत्याबाईंनी पुस्तकावर थाप दिली. कुणी पायाने, कुणी छत्रीच्या मुठीने, कुणी किल्ल्यांनी. झोपणारे आजोबा जागे झाले आणि काठीने जमीन ठोकायला लागले. तोंडातून कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळं चर्च ते गीत हातापायांनी वाजवत होतं आणि माझ्या खाचांतल्या पट्ट्या खुळखुळत होत्या.

काकू दोन बाकांमध्ये पिशवी घेऊन उभ्याच होत्या.

मग ती जागा आली. सगळे थांबले. टिकटिककाकांची मूठ हवेत राहिली. एकट्या आवाजाची ओळ. पेटीमास्तरांच्या सुनेकडे सगळ्यांचे डोळे गेले. त्या पोरीने तोंड उघडलं नाही. ती काकूंकडे बघत उभी राहिली. मग सगळेच काकूंकडे बघायला लागले. कुणी खुणावलं नाही, कुणी घाई केली नाही.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मागे फिरल्या, पहिल्या बाकावरच्या खोक्यात हात घातला आणि माझ्या दोन पट्ट्या काढल्या. एक शून्य आणि एक पाच, नीट आठवतंय मला. त्या एकमेकींवर आपटून त्यांनी आपली ओळ वाजवली. टक्, टक्, टकटक, टक्. शेवटचा ठोका जरा लांबवून, गायच्या तश्शीच. कबर रिकामी आहे. त्या दिवशी ही बातमी मी दोन लाकडाच्या तुकड्यांतून ऐकली, आणि आधी कधी ऐकली नव्हती इतकी स्पष्ट ऐकली.

आणि मग काय विचारता! सगळं चर्च असं उसळलं की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला काकू रंगात आल्या. तिसऱ्याला तर आपली ओळ यायच्या आधीच सुरू झाल्या. काकांनी डोळे मोठे केले, तशा त्या हसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. आवाज कशालाच नव्हता, खांदे मात्र गदगदत होते.

उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांपुढे छोटी पाटी धरली. "मी मुद्दाम लावला होता."

"माहीत आहे. माझ्या चिठ्ठीत अठ्ठ्याऐंशी होता आणि मंडळीने अठ्ठ्याऐंशीच म्हटलं. मग चुकलं कुठे?"

"तुम्ही नंबर सांगितला का नाही?"

"आपल्या चर्चमध्ये नंबर तोंडाने सांगत नाहीत, काकू." मग म्हणाले, "आणि मी तुमच्याशी आजवर फार बोललो. गप्प बसून तुमच्याजवळ उभं राहायला हवं होतं. ते आज जमलं."

पुढच्या शनिवारी मी मान तिरकी करून वाचलं. पहिल्यांदा लिहिलं, "तू त्या शांततेत होतास ना?" पाटी वर धरली. बराच वेळ धरली. मग पुसून लिहिलं, "होतास." आणि त्याखाली बारीक अक्षरात, "ढेकरांचं शिकते. हसू नकोस."

काकांच्या खिशातले चार तुकडे बाहेर आले, चिकटवले गेले. वर्गातले ते ट्रकवाले मास्तर मोठे मिश्कील. म्हणे, "पाहुण्यांसमोर ढेकर दिली तर लोक नावं ठेवतात, इथे दिलीत तर शाबासकी मिळेल. पोटभर द्या!" हे काकूंनी मला लिहून दाखवलं नाही, टिकटिककाका पेटीमास्तरांना सांगत होते, तेव्हा ऐकलं. सराव मात्र माझ्यासमोर चालायचा. हवा गिळायची, मान पुढे काढायची आणि "पा". कित्येक आठवडे नुसतं पा. मग "पापा", मग "काका". 'क' आणि 'प' लवकर येतात म्हणे, 'अ'वरून सुरू होणारे शब्द फार छळतात. कधी काहीच यायचं नाही, तेव्हा त्या चिडून खडू फेकायच्या. मग उठून तो शोधून आणायच्या आणि पुन्हा "पा". दुखणं काही गेलं नव्हतं हो. गळा परत मिळाला नव्हता, मिळणारही नव्हता. पण शनिवारी दार उघडून आत यायच्या तेव्हा पावलं आता झपझप पडायची.

मध्यंतरी मला नवा रंग दिला. माझी मधली खाच झिजलीय, पट्टी जरा सैल बसते. काकू तिथे कागदाची घडी दाबून बसवतात आणि मला थोपटतात. म्हातारपणी आणखी काय हवं?

शेवटची एक गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली. मंडळी "आमेन" म्हणाली आणि माणसं पुस्तकं उघडायला लागली. पाळकसाहेबही पुढे बोलणार होते. तेवढ्यात पहिल्या बाकावर कुणीतरी हवा गिळली. मान पुढे आली. घोगरा, खरखरीत, ढेकरेसारखाच आवाज आला.

"आ... मेन."

एक मूल फिस्सकन हसलं. काकूंनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच हसायला लागल्या. टिकटिककाकांनी चष्मा काढला. पाळकसाहेबांनी मान लववली आणि काकूंचं आमेन पूर्ण झाल्यावरच पुढचं वाक्य सुरू केलं.

तेव्हापासून आमच्याकडे आणखी एक रीत पडलीय. प्रार्थना संपली, सगळ्यांचं आमेन झालं, तरी पाळकसाहेब लगेच पुढे जात नाहीत. पहिल्या बाकाकडून येईपर्यंत सगळं चर्च थांबतं. तुमच्याही घरात, तुमच्याही बाकावर कुणाचं तरी आमेन असंच मागे राहिलेलं असेल. नंबरांच्या या पाटीचं एवढं ऐका: घाई करू नका, त्याच्या वतीने तुम्ही म्हणून टाकू नका. नुसते जवळ उभे राहा. उशिरा येतं, पण येतं.